मेक आणि अपमधली जागा

माझी भाची हर्षदा सुरतेत पर्वत पाटिया भागातल्या एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवते. कॅनडाला निघालेली पोरं, ऑस्ट्रेलियाला निघालेल्या पोरी, सगळ्यांना परीक्षेपुरतं इंग्रजी पाजायचं आणि विमानात बसवून द्यायचं, हे तिचं काम. शिकवून शिकवून आता ती स्वतः मराठीत फक्त शिंकते. बाकी सगळं इंग्रजीत.

तर त्या बुधवारी मी एका बाईच्या भुवया करत होते. तोंडात दोरा धरलेला, बाईनं कातडी ताणून धरलेली, आणि मोबाइल वाजला. मान वाकडी करून पाहिलं तर हर्षदाचा मेसेज.

'मावशी, मम्मी वॉन्ट्स टु मेक अप विथ यू बिफोर द वेडिंग. प्लीज डोन्ट से नो.'

माझ्या तोंडातला दोरा तुटला आणि बाई ओरडली.

मला इंग्रजी येत नाही असं कुणी समजू नये. पार्लर चालवणाऱ्या बाईला लागतं तेवढं येतं, आणि ते काही कमी नसतं. मम्मी म्हणजे माझी थोरली बहीण प्रमिला. वॉन्ट्स म्हणजे पाहिजे. बिफोर द वेडिंग म्हणजे लग्नाआधी. आणि मेक अप? अहो, त्या शब्दावर तर माझं घर चालतं. डिंडोलीत माझ्या दुकानाच्या पाटीवर हातभर अक्षरांत लिहिलाय तो. हर्षदानं मेक आणि अप यांच्यामध्ये जागा सोडली होती, ते मला जरा खटकलं. एवढी इंग्रजीची मास्तरीण आणि साधा मेकअप एकत्र लिहिता येत नाही, असं मनात म्हणून मी नवा दोरा तोंडात धरला.

अर्थ सरळ होता. लग्नाआधी ताईला माझ्याकडून मेकअप करून हवा होता. आणि तो अर्थ लागला तसं माझं डोकं सणकलं.

का सणकलं, ते कळायला ताईच्या थोरल्या मुलीचं लग्न सांगायला हवं. त्याला आता चारेक वर्षं झाली असतील. साखरपुड्यापासून मी सगळ्यांना सांगत होते, नवरीचा मेकअप मावशी करणार. का नाही करणार? डिंडोलीतल्या निम्म्या नवऱ्या माझ्या हातून बोहल्यावर चढल्यात. घरी बसून दिवसभर साड्यांना टिकल्या चिकटवणाऱ्या पोरी, पण माझ्या खुर्चीतून उठल्या की त्यांची सासूसुद्धा दोन मिनिटं ओळखत नाही. मग सख्ख्या भाचीला मी सोडते की काय! हळदीच्या दिवशी नवी पेटी, नवे ब्रश घेऊन हॉलवर गेले, तर नवरीच्या खोलीत वेसूच्या उंची वस्तीतली कुणी मॅडम बसलेली. हाताखाली तीन पोरी, समोर गोल दिवा, आणि खुर्चीत माझी भाची. मी दारातच उभी राहिले. ताई आली. तिनं माझ्या हातातली पेटी बघितली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "उजू, तू आज पाहुण्यांत बस. आणि पेटी कुठेतरी आत ठेवून दे, कुणाला दिसायला नको."

कुणाला दिसायला नको! गुजरातेत राहून मी जशी काही पेटीतून दारू आणली होती.

मी पेटी उचलली, पंगतीकडे ढुंकूनही न बघता रिक्षात बसले आणि घरी आले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. गावी आईच्या वर्षश्राद्धाला दोघी एकाच चुलीपाशी बसलो होतो. मी वडे तळत होते, ती कढीला बघत होती. पण मिठाचा डबा हवा असला तरी मध्ये काकूला घालायचं. "काकू, तिला म्हणावं मीठ सरकव." काकू बिचारी आमच्यामध्ये बसून टपालखातं चालवत होती.

हर्षदा मात्र दोन्हीकडे यायची, दोन्हीकडे जेवायची, आणि इकडचं तिकडे करायची नाही. आता तिचंच लग्न ठरलं होतं. लग्नाला मी जाणार नाही, असं मी गल्लीत ज्याला त्याला ठणकावून सांगत होते. आणि लग्नात नेसायची पैठणी कपाटात सगळ्यात वरच्या घडीवर काढून ठेवली होती. खरं सांगायचं तर मला एवढंच हवं होतं, की ताईनं मला बोलवावं. पत्रिकेवर नाव लिहून नाही, तोंडानं.

आणि बोलावलं ते कशाला? तर मेकअपला. वेसूवाली मॅडम मिळाली नसेल म्हणून. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. म्हणजे मी गाढव. घ्या!

आमचे योगराज डाइंग मिलमधून येऊन जेवायला बसले होते. मी मोबाइल त्यांच्या ताटापुढे धरला.

"मेकअपचं काम आलंय तर," ते म्हणाले. "जा की."

"मी मुळीच जाणार नाही."

"मग नको जाऊ."

"असं कसं नको जाऊ? तिला वाटेल मी घाबरले."

यावर त्यांनी शेवभाजीत भाकरी चुरायला घेतली. संसारात मुरलेल्या माणसाला कुठे बोलू नये ते बरोबर कळतं.

शेवटी मीच ठरवलं. जायचं, पण बहीण म्हणून नाही, पार्लरवाली म्हणून. काम करायचं, पेटी बंद करायची, निघायचं. एक शब्द जादा बोलायचा नाही. मी हर्षदाला नुसता अंगठा पाठवला. तिकडून पन्नासेक बदाम आले आणि खाली लिहिलेलं की शनिवारी दुपारी ये, संध्याकाळी तिची होणारी सासू बस्त्यासाठी येणार आहे.

लग्नाच्या कापडखरेदीला आम्ही खानदेशी लोक बस्ता म्हणतो, आणि सुरतेत राहणाऱ्या माणसाच्या नशिबी जन्मभर दुसऱ्यांचे बस्ते असतात. धुळ्याचा मावसभाऊ असो की शिरपूरच्या नणंदेची जाऊ, साड्या घ्यायला सगळे आपल्याच घरी उतरतात. ही सासू, सरलाबाई, निदान सुरतेतलीच होती, अडाजणची. मूळची नाशिककडची, बोलणं शुद्ध, राहणं टापटीप, असं हर्षदाकडून कानावर होतं. म्हणजे ताईला चेहरा का रंगवून हवा होता तेही माझ्या ध्यानात आलं.

शनिवारी पेटी मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले. शेजारी एक माणूस साड्यांचं गाठोडं घेऊन बसलेला. गाठोडं त्याच्याहून मोठं, त्यामुळे मी गाठोड्याच्या शेजारीच बसले होते म्हणा. गोडादरा येईपर्यंत मी मनात घोकत होते. नमस्कार. कुठे बसणार? कोणता कार्यक्रम आहे? बस्स. बहिणीची गोष्ट काढली तर ऐकू आलं नाही असं दाखवायचं.

ताईचा फ्लॅट लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये. दाजी, म्हणजे तिचे यजमान पंडितराव, एके काळी माझ्याच नवऱ्याबरोबर लूमवर होते. आता त्यांची स्वतःची एम्ब्रॉयडरीची मशिनं आहेत. बेल वाजवली. दार ताईनंच उघडलं.

"आलीस?" ती म्हणाली.

"नमस्कार," मी म्हणाले.

ती गोंधळली आणि तिनंही मला नमस्कार केला.

कानशिलावरचे केस पार पांढरे झाले होते तिचे. डोळ्यांखाली काळं आलं होतं. दाजी सोफ्यावरून उठले, "मी चहा टाकतो" म्हणाले आणि आत गेले. त्या घरात साखर कुठे असते हे दाजींना माहीत नव्हतं, हे मी सांगते. पण त्या दिवशी आत गेले ते बाहेर यायचं नावच घेईनात.

"कुठे बसणार?" मी विचारलं.

"तू म्हणशील तिथे."

इथे मी जरा हलले. ताई जन्मात कुणाला 'तू म्हणशील तिथे' असं म्हणालेली नाही. लग्नातसुद्धा दाजींना तिनं हातानं धरून बाजूला सरकवलं होतं म्हणतात. मी खिडकीपाशी खुर्ची ठेवली, तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

"मान वर करा."

"मला तुम्ही म्हणतेस?"

"गिऱ्हाइकाला आम्ही तुम्हीच म्हणतो. डोळे मिटा."

"मिटते गं," ताई म्हणाली. "मी तर म्हणते, सगळंच मिटवू."

मला ऐकू आलं नाही. मी फाउंडेशन घेतलं आणि कामाला लागले.

आता पार्लरवालीच्या हाताखालून रोज इतके चेहरे जातात, की हाताला त्यांचं काही वाटत नाही. पण हा चेहरा मला पाठ होता. हनुवटीखाली लहानपणी पडून झालेली खूण, डाव्या गालावरचा तीळ. माझी वेणी घालताना ही माझ्यासमोर बसायची आणि भांग सरळ आलाय का ते बघायला एक डोळा मिटायची. चार वर्षं मी ह्या चेहऱ्याला हात लावला नव्हता. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात तिच्या मिटलेल्या डोळ्यातून पाणी आलं.

"पाणी आणू नका. लायनर पसरतो."

"मी काय मुद्दाम आणते का?"

उजवा डोळा पूर्ण झाला. बढाई नाही मारत, पण झकास झाला. काजळ, लायनर, वर हलकासा तपकिरी रंग, पापणी अशी उचललेली की दहा वर्षं कमी. मी डाव्याकडे वळले आणि ब्रश टेकवणार, तेवढ्यात ताई म्हणाली, "उजू, एक सांगते. तूच आधी पाऊल टाकलंस ते बरं केलंस. माझ्याच्यानं झालं नसतं."

माझा ब्रश हवेतच राहिला.

"कसलं पाऊल?"

"तूच नाही का कळवलंस, लग्नाआधी माझा मेकअप करायचाय म्हणून? माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, एवढं होऊनही धाकटीच नमली."

"मी नमले? मी कशाला कळवू? बोलावलंस तू!"

"मी कशाला बोलावू? माझ्याकडे लिपस्टिक आहे की!"

दोघींनी एकदमच मोबाइल काढले. माझा तिला दाखवला, तिचा मी ओढून घेतला. त्यात लिहिलेलं, 'मम्मी, मावशी वॉन्ट्स टु मेक अप विथ यू बिफोर द वेडिंग. प्लीज डोन्ट से नो.' वाक्य तेच, फक्त मम्मीच्या जागी मावशी. ताईनं दाजींना अर्थ विचारला होता आणि दाजींनी छाती पुढे काढून सांगितलं होतं, उज्ज्वलाला तुझा मेकअप करायचाय.

आम्ही एकमेकींकडे बघत होतो, आणि दाराला चावी लागली. हर्षदा आली. खांद्याला क्लासची बॅग, हातात खायला आणलेलं लोचोचं पुडकं. तिनं आईकडे पाहिलं. आईचा एक डोळा नटीसारखा आणि दुसरा देवानं दिला तसा.

"ओ माय गॉड," ती म्हणाली. "मावशी, तू पेटी घेऊन आलीस?"

"मेकअपला बोलावल्यावर काय पोळपाट-लाटणं घेऊन येऊ?"

"अगं, मेकअप नाही! मेक अप! दोन शब्द आहेत. मध्ये जागा आहे, बघ. फ्रेजल व्हर्ब आहे तो. मेक अप विथ समवन म्हणजे भांडण मिटवणं, समेट करणं. इतकं सोपं वाक्य, म्हटलं कळेल."

आणि मग काय विचारता, बाईंचा क्लासच सुरू झाला. मेक अप युअर माइंड म्हणजे मनाशी पक्कं ठरवणं. मेक अप फॉर म्हणजे भरपाई करणं. परीक्षा बुडली आणि पुन्हा दिली तर तेही मेक अप. अंथरूण घालून ठेवलं तरी तेच. ती बोटांवर मोजत होती आणि आम्ही दोघी ढ पोरींसारख्या ऐकत होतो.

"एका शब्दाला एवढे अर्थ?" ताई म्हणाली. "साहेबलोकांना शब्द कमी पडले होते का?"

मी हो म्हणणार होते. पण मग वाटलं, आपण तरी कुठे कमी आहोत? आपलं 'लावणं' घ्या. लिपस्टिक लावतो, कुलूप लावतो, दही लावतो, नाट लावतो, जीव लावतो आणि आगही लावतो. एखाद्या साहेबानं आमच्या घरी चार दिवस राहून दाखवावं, डोकं धरून पळेल. हे बोलून दाखवायला मी तोंड उघडलं आणि मध्येच थबकले.

"थांब गं हर्षदा," मी म्हणाले. "समेट करायचाय, असं तुझी आई म्हणाली तुला?"

हर्षदानं जीभ चावली.

"मम्मी काही म्हणाली नव्हती. तूही काही म्हणाली नव्हतीस. मीच आपलं बनवून सांगितलं. समोर बसून मला थापा मारता येत नाहीत, टाइप करता येतात."

"म्हणजे खोटं."

"हो," ती म्हणाली. पण मास्तरीणच ती, तिला राहवेना. "त्यालाही मेक अपच म्हणतात."

स्वयंपाकघरात दाजींच्या हातून काहीतरी पडलं. हसले असतील. मला काही हसू आलं नाही. मला एवढंच कळलं, की ताईनं बोलावलंच नव्हतं. मेकअपलाही नाही आणि समेटालाही नाही. ते 'तू म्हणशील तिथे' होतं, ते मी नमले असं वाटल्यामुळे होतं. मी ब्रश गोळा करायला लागले.

"जाते मी. न बोलावता आले, चुकलं."

"तू तरी आपणहून कुठे आलीस?" ताईनं टॉवेल ओढून काढला. "कामाला म्हणून आलीस. नमस्कार काय, तुम्ही काय!"

हे खरं होतं, म्हणून मी आणखी जोरात ब्रश आपटले.

"मम्मी, तुझा एक डोळा राहिलाय!" हर्षदा ओरडली. "सरलाआंटी पाटियावर पोचल्यात, ट्रॅफिकमध्ये आहेत."

"बसू दे ट्रॅफिकमध्ये. मी अशीच राहीन."

पेटी घेऊन मी दारापर्यंत गेले. तिथून वळले. इतकी वर्षं जे विचारायचं होतं ते आता नाही विचारलं तर मग कधीच नाही, असं वाटलं.

"एकच सांग, मग जाते. त्या दिवशी माझी पेटी कुणाला दिसायला का नको होती?"

ताई खिडकीबाहेर बघायला लागली. "तुला राबायला लागू नये म्हणून. म्हटलं, लग्नात तरी आरामात बस."

"ताई, हे पण बनवलेलं."

ह्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून ताईनं घरात अहिराणी बोलणं टाकलं होतं. मुलींशी शुद्ध मराठी, शेजाऱ्यांशी गुजराती. आता बोलली ती मात्र अहिराणीत.

"माले लाज वाटनी, उजू."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. थोरलीच्या सासरची नाशिकची माणसं मोठी. घरात दोन डॉक्टर, एक वकील. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, तुमची बहीण काय करते? आणि हिच्या तोंडून निघून गेलं, शाळेत शिकवते. एकदा निघून गेलं ते गेलं. मग हळदीला मी पेटी घेऊन दारात उभी. आता शाळेतली बाई नवरीचा मेकअप कशी करणार? म्हणून वेसूची मॅडम, आणि म्हणून पेटी आत.

म्हणजे चार वर्षं मी नाशकात मास्तरीण होते आणि मलाच पत्ता नव्हता.

"विषय कोणता?" मी विचारलं.

"काय?"

"कोणता विषय शिकवते मी?"

ताईनं मान खाली घातली. "भूगोल."

"भूगोल! ताई, मला सातवीत भूगोलात किती पडले होते माहीत आहे ना तुला? निदान चित्रकला तरी सांगायचीस!"

हर्षदा फिसकन हसली. ताईला हसू आलं, मलाही आलं. पण हसता हसताच मी हातातल्या पेटीकडे पाहिलं. ज्या हातांनी मी पोरं शिकवली, घर उभं केलं, ते हात माझ्या सख्ख्या बहिणीला लपवावेसे वाटले होते. परक्यानं लपवले असते तर एवढं लागलं नसतं.

"मला फार लागलं गं," मी म्हणाले.

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "म्हणून तर तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती."

"आणि ह्या सरलाबाईंना काय सांगितलंयस? ह्यांच्याकडे मी काय शिकवते?"

"त्यांनी अजून विचारलं नाही."

तेवढ्यात बेल वाजली.

फ्लॅटला दार एकच. पेटी घेऊन बाहेर पडायचं तर विहीणबाईंच्या पुढ्यातूनच जावं लागणार होतं. मी ताईकडे पाहिलं. एक डोळा असा, एक तसा, त्यात रडून खाली ओघळ आलेला. माझ्या हातचं अर्धवट काम घेऊन कुणी माणूस पाहुण्यांसमोर उभा राहणार, हे मला काही केल्या पटेना.

"बस," मी म्हणाले. "डावा डोळा."

"तू जात होतीस ना?"

"मीट म्हणते ना. मीट."

तिनं डोळा मिटला. हर्षदानं सरलाबाईंना दारातच गुंतवून ठेवलं. ट्रॅफिक किती होतं, लिफ्टला किती वेळ लागला, चपला इथं नको तिथं ठेवा, पाणी गार की साधं. क्लासमध्ये उगाच नाही पोरं टिकत तिच्या. तेवढ्या वेळात मी ओघळ पुसला, रंग लावला, रेघ ओढली. हात घाईत होता, पण रेघ सरळ आली.

सरलाबाई आत आल्या. ठेंगण्या, लगबगीच्या, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला. त्यांनी तो लगेच डोळ्यांवर चढवला.

"अगंबाई, प्रमिलाताई! ही तुम्ही की हर्षदाची बहीण? किती सुरेख दिसताय! कुठे केलंत? वेसूला का?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात ब्रश होता, टीपॉयवर पेटी सताड उघडी. पण ताईचं काही सांगता येत नव्हतं. ती आता मला कोणता विषय देते, याची मी वाट बघत होते.

"माझ्या धाकट्या बहिणीनं केलं," ताई म्हणाली. "ही उज्ज्वला. डिंडोलीला पार्लर आहे हिचं. स्वतःचं."

आणि तिनं उघड्या पेटीकडे बोट दाखवलं.

"म्हणजे घरातच एवढी कला!" सरलाबाईंनी माझे दोन्ही हात धरले. "मग काय, नवरीचा मेकअप मावशीच करणार असेल."

दाजी एकदाचे चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले होते, ते दारातच थांबले. हर्षदा माझ्याकडे बघत होती.

"ते मी तिला अजून विचारलं नाही," ताई म्हणाली. "थोरलीच्या लग्नात फार दुखावलंय मी हिला. आता कोणत्या तोंडानं विचारू?"

सरलाबाईंना काही उमगलं नाही. त्या आळीपाळीनं आमच्या दोघींकडे बघत राहिल्या.

"ह्याच तोंडानं विचार," मी म्हणाले. "एवढी मेहनत काय उगाच घेतली मी त्याच्यावर?"

आणि ताईनं विचारलं. विहीणबाईंच्या देखत, माझा हात धरून, आमच्या बोलीत.

"मनी पोरना मेकअप तूच कर वं, उजू."

मी हो म्हणाले, आणि तिचे डोळे पुसायला कापूस शोधू लागले.